ताईच्या रिकाम्या खुर्च्या

माझी थोरली बहीण चित्रकार होती. एकटीच राहायची. चित्र पुरं झालं की त्याच्याकडे पाठ करून ते आरशात बघायची. उलटं दिसलं की चुका कळतात म्हणे.

“ताई, सदानकदा रिकाम्या खुर्च्याच काय गं? माणसं काढ की!”

“तू कधी येऊन बसलीस? बसलीस तर काढीन.”

माझं जाणं राहूनच गेलं. ती गेल्यावर तिचं शेवटचं चित्र माझ्याकडे आलं. त्यातही दोन रिकाम्या खुर्च्या.

आज सकाळी वेणी घालताना मागच्या भिंतीवरचं ते चित्र आरशात दिसलं. एका खुर्चीत मी बसले होते. मागे उभी राहून ताई, लहानपणी घालायची तशी, माझी वेणी घालत होती.

दचकून मी हात खाली घेतले. पाठीवर वेणीचे पेड मात्र गुंफले जातच होते.