दाराजवळची खुर्ची

"त्याच्या मेकअपवाल्याला हिरोपेक्षा जास्त पैसे द्यायला पाहिजेत," इशिता म्हणाली. "पन्नाशी उलटलेल्या माणसाला कॉलेजातला पोरगा करायचं म्हणजे भिंतीला पुट्टी मारण्यासारखंच काम."

गाडी मूर्तिजापूर ओलांडून अकोल्याकडे निघाली होती. गौरांग चालवत होता. शेजारी त्याचे वडील शेषराव. मागे इशिताच्या मांडीवर दीड वर्षाचा अद्वैत बिस्किट चघळत होता, आणि बाजूला त्याची भलीमोठी पिशवी: दूध, गरम पाणी, स्वेटर, कानटोपी, थर्मामीटर. अद्वैत शिंकला की आमची सून रिक्षा बोलावते, असं शेषराव आल्यागेल्याला सांगत. ते खोटं नव्हतं.

शेषराव अमरावतीचे जुने चित्रपट वितरक. हिरो समर राजवंशचा नवा कौटुंबिक पिक्चर वऱ्हाडात लावायचे हक्क त्यांना हवे होते. निर्मात्यानं भाव असा सांगितला होता, की राहतं घर गहाण टाकल्याशिवाय जमणार नव्हतं. आज अकोल्याच्या थिएटरात खासगी खेळ होता. शेषरावांना पसंत पडला तर सही तिथंच.

"सूनबाई, आख्खं कुटुंब थेटरात आननारा दुसरा चेहरा सांग बरं मले," शेषराव म्हणाले.

"बाबा, याचा मागचा पिक्चर त्याच्या स्वतःच्या कुटुंबानं तरी पाहिला असेल का?"

गौरांग हसला. मग वडिलांकडे बघून त्यानं गिअर बदलला.

"तू पाय पडदा," शेषराव शांतपणे म्हणाले. "मी पडदा पायतच नाही. मी मानसं पायतो."

ही त्यांची पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. खासगी खेळाला ते आसपासची लेकुरवाळी कुटुंबं फुकट बोलवायचे आणि स्वतः पडद्याशेजारच्या, बाहेर पडायच्या दाराजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून, पडद्याकडे पाठ करून बसायचे. कंटाळून कोण उठतं ते तिथून दिसत असणार. इशितानं कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

बोलून काही होणार नव्हतं. घर गहाण टाकू नका, हे तिनं गौरांगला किती वेळा सांगितलं, त्याचं उत्तर एकच, "बाबांना कोण सांगेल?" म्हणून तिनं सांगणं सोडलं होतं आणि आज दुसराच बेत केला होता. अद्वैतला अंधार सोसत नसे. बाहेर नेलं नाही तर तो थिएटर डोक्यावर घेणार. लोक वैतागतील, खेळाचा विचका होईल, म्हातारा चिडून सही पुढं ढकलेल. तेवढं पुरे होतं. निर्मात्याचा माणूस संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला परत जाणार होता आणि हेच हक्क घ्यायला भुसावळची दुसरी पार्टी त्याची वाट बघत होती.

पिक्चर तिला वाटला होता त्याहून भिकार निघाला. राजवंशचा बंगला अमरावतीच्या बसस्टँडएवढा. त्याची आई त्याच्याहून तरुण. सुनेला ताप आला तर घरात दहा माणसं गाणं म्हणतात, डॉक्टरला फोन कुणी करत नाही. अद्वैत मात्र दूध पिऊन, अंधार व्हायच्या आतच तिच्या खांद्यावर झोपून गेला होता.

पुढच्या रांगेतली एक मुलगी रडायला लागली, तिची आई तिला घेऊन बाहेर गेली. मग दुसरी उठली. थिएटरच्या मॅनेजरची बायको नसीमबानो नातवाला, अरीबला, काखोटीला मारून गेली ती बराच वेळ आलीच नाही. दाराजवळच्या खुर्चीत शेषरावांचा चेहरा उतरत चालला होता.

मध्यंतरात त्यांनी चहाला तोंड लावलं नाही. "नाही जमत बा हे," ते गौरांगला म्हणाले.

इशिताला पेढे वाटावेसे वाटले. पण मुंबईचा माणूस त्यांच्या कानाशी लागलाच होता. आणखी एक धक्का हवा. तिनं दुधाची बाटली पिशवीतून काढली आणि गाडीत ठेवून आली. परत येताना तिला स्वतःचीच चीड आली.

दिवे गेले आणि अद्वैतनं टाहो फोडला.

"बेटा, बाहर ले जा ना," नसीमबानो कुजबुजली. "पोट्टं हलकान झालं."

"राहू द्या खाला. थांबेल."

तो थांबणार नव्हता. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, पडद्यावर रडणं चालू आहे तेवढं पुरे आहे!"

लेकराचं तोंड लालबुंद झालं होतं. हुंदक्यानं त्याचा श्वास अडकला की इशिताचा हात पिशवीत नसलेली बाटली चाचपायचा. त्याच्याकडे पाहिलं तर आपण उठू, हे तिला कळत होतं. म्हणून तिनं डोळे पडद्यावर रोवले. तिथं राजवंश बर्फात उभा राहून मुलीला निरोप देत होता, गालांवर ग्लिसरीन, भुवया जागच्या जागी. इशिताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिनं ओढणीनं पुसलं, ते पुन्हा आलं. ती उठली नाही.

एकदाच तिनं दाराकडे पाहिलं. शेषराव खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि एकटक तिच्याकडे बघत होते.

चिडू देत. हवं तेवढं चिडू देत.

खेळ संपल्यावर ती धावतच गाडीशी गेली. अद्वैत हुंदके देत दूध प्यायला, मधेच तिच्याकडे बघून हसला. "चुकलं रे राजा," ती त्याच्या कपाळाचे मुके घेत म्हणाली. "पण आपलं घर वाचलं बघ."

शेषराव आणि गौरांग पायऱ्या उतरून आले. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला होता. त्यांनी पेन खिशाला लावलं, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"सही करून आलो," ते म्हणाले. "उभा जन्म दाराशी बसून एवढंच पायत आलो, की लेकरू रडलं तं माय उठते का नाही. आज सगळ्या उठल्या. मी नाहीच म्हननार होतो. पन सकाळपासून त्या हिरोले शिव्या देनारी, पोराच्या शिंकेले रिक्षा बोलावनारी माही सून डोळे पुसत पिक्चर पायत बसली, अन् जागची हलली नाही!"