गारढोण कॉफी
गाझाला निघालेलं आमचं मदतीचं जहाज नौदलाने अडवून बंदरात ओढत आणलं. तिथला अधिकारी मजदी, इस्रायली गणवेशातला अरब. त्याने आमच्या म्हाताऱ्या नजलाखालाला खुर्ची दिली, कॉफी ओतली. खालाने कप तसाच टेबलावर ठेवला. मजदीचा चेहरा उतरला. पाहुण्याने कॉफी न पिता ठेवली, की त्याचं मागणं पुरवल्याशिवाय यजमानाची अब्रू राहत नाही; खालाही अरबच, दोघांच्याही घरची रीत हीच. “प्या, खाला. आज तुम्हाला सोडलं, उद्या याच वाटेने बंदुका येतील.” “मग खोकी उघड. बाळांची दूधपावडर आहे, ती पोचव.” “नाकेबंदी माझ्या हातात नाही.” “कॉफी तूच ओतलीस ना?” मजदीने खोकी तपासली, साहेबांशी फोनवर हुज्जत घातली. दुपारी दुधाचा ट्रक गाझाकडे सुटला. खालाने गारढोण कॉफी घटाघटा संपवली, कप पुढे केला. “आता दुसरी ओत. जहाजाचं बोलायचंय.”