पाण्याची रेघ

रंगाचा तिसरा हात वाळला आणि लाल रेघ पुन्हा वर आली, तेव्हा भूपालअण्णांनी ब्रश बादलीत टाकला.

रेघ त्यांनीच ओढली होती. एकोणीस सालच्या पुरात नदी घरात शिरून छातीपर्यंत चढली. पाणी उतरल्यावर अण्णांनी बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रेघ मारून खाली तारीख घातली. सांगलीत पुष्कळ घरांत अशी रेघ असते आणि आल्यागेल्याला ती कौतुकानं दाखवतात. घर विकायला काढलं आणि तीच नडली. तीन गिऱ्हाइकं आली. तिघांनीही माडी वाखाणली, परसदार वाखाणलं आणि रेघेपाशी येऊन एकच विचारलं, "पाणी येतं व्हय हितं?" मग चहा पिऊन गेली ती गेलीच.

"ह्या घरात आता आणखी एक पावसाळा मी काढणार न्हाई," त्रिशलाबाईंनी सांगून टाकलं होतं. जून लागला की त्यांची नजर आभाळाकडं. ढग दिसला की धान्याचे डबे निघाले माडीवर. आष्ट्यात लेकीच्या शेजारी, उंचावर, दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. पण हे घर गेलं तरच त्या मिळणार, आणि वैशाख अर्धा सरला होता.

शेवटी अण्णांनी रेघेवर शिखरजी तीर्थाची मोठी तसबीर टांगली.

"देवाच्या आड खोटं लपवतासा?"

"खोटं कुठं बोलतोय? नुसतं झाकतोय."

एजंट जयराजचा फोन आला. "अण्णा, वडूजकडचे सुभेदार हाईत, कृष्णात म्हणून. रिटायर झाल्यात. रविवारी धाला येतील. घर भरल्यालं दिसू द्या. रिकामं भांडं पाव्हण्यांच्या नजरंला पडाय नको."

त्रिशलाबाईंनी माळ्यावरची सगळी पितळ खाली काढली आणि चिंचेनं लखलखीत घासली. घागरी, हंडे, कळश्या काठोकाठ भरून ओट्यापासून मोरीपर्यंत मांडल्या. भरली घागर म्हणजे शकुन. नळाला पाणी गाळायचं नवं पांढरं फडकं बांधलं. आता राहिला नळ. तो मेला दिवसभर ठिबकायचा, आणि प्लंबर आज येतो, उद्या येतो करत होता. फडकं ओलं दिसलं की गळती कळणार. रविवारी सकाळी अण्णांनी मेन कॉकच बंद करून टाकला.

सुभेदार ताठ होते, मिशी पांढरी. त्यांच्या मागून शालूबाई आल्या, गळ्याला पट्टा लावलेल्या. मान वळवायची तर त्या अख्ख्या वळत. त्रिशलाबाईंनी तांब्या-फुलपात्र पुढं केलं, तर म्हणाल्या, "अर्धंच द्या, बाई. वाया नगं जायाला."

अण्णा तसबिरीला पाठ लावून उभे राहिले ते हललेच नाहीत. "बघा की निवांत," म्हणाले, "आपलंच घर हाय."

पाव्हणे माडी चढून आले, परसात फिरून आले. मग शालूबाई एकट्याच स्वयंपाकघरात गेल्या. आतून नळ फिरवल्याचा आवाज आला. अण्णा दचकले, मग कॉक बंद केल्याचं आठवलं. बरं झालं, एक संकट टळलं.

शालूबाई बाहेर आल्या त्या नवऱ्याकडे बघत. सुभेदारांनी घसा खाकरला.

"घर झ्याक हाय, मालक. पर एक इचारतो. पाण्याचं कसं हाय हितं? येतं का?"

आता नुसतं झाकून भागणार नव्हतं.

"न्हाई वो," अण्णा म्हणाले. "आमच्याकडं पाणी येत न्हाई."

"कवाच न्हाई?"

"कवाच न्हाई. मागच्या गल्लीत येतं. हितं एक थेंब बघायला मिळायचा न्हाई."

"आन् तुमी हितं किती वर्सं हाय?"

"चाळीस झाली की."

"चाळीस!" सुभेदार त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग काढली कशी, गड्या?"

"कशी म्हंजे? सुखात!"

सुभेदारांनी अण्णांचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. "मानलं तुमाला," म्हणाले, "सांच्याला जयराजला कळवतो."

दारात शालूबाई थांबल्या. आत मांडलेल्या हंड्यांकडे त्यांनी एकवार बघितलं आणि त्रिशलाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. "लय सोसलंसा, बाई. मला कळतंय."

त्रिशलाबाईंच्या डोळ्यांना धारच लागली. पाव्हणे वळले तसं त्यांनी अण्णांना विचारलं, "आवं, हिला पुराचं कळलं का काय?"

"छे! पाणी येत न्हाई म्हटल्यावर बघितलंस का, हातच धरला त्यांनी. आजवर कुणी धरला?"

हे मात्र खरं होतं. त्रिशलाबाईंना इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. खोटं बोलल्याबद्दल त्यांनी तसबिरीपुढं दोनदा हात जोडले, लेकीला फोन करून खोल्या झाडून ठेवायला सांगितल्या आणि धान्याचे डबे बांधायला घेतले, यंदा माडीवर नाही, आष्ट्याला न्यायला. अण्णांनी कॉक उघडला. नळ पुन्हा ठिबकू लागला. ठिबकू दे, आता ज्याचं घर तो बघेल.

दिवेलागणीला जयराजचा फोन आला. अण्णांनी बायकोला ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"अण्णा, घर लय आवडलं वो त्यांस्नी. त्या शालूबाईंची जन्मभर डोक्यावरनं पाणी वाहून मान गेलीया, म्हणून नदीकाठचं घर बघायला लागलेत. पुराचंबी म्हणाले, येईना का धा वर्सांतनं एकदा, आमी माडीवर जाऊ. पर नळ सोडला तर कोरडा, घरभर पाणी भरून ठेवल्यालं, आन् मालक सवताच सांगतोय, चाळीस वर्सांत हितं पाणी कवाच आलं न्हाई!"