पीटीओचा दांडा

"लिव्हर तर पडतोय, मामा. मग दांडा का फिरत नाही, तेच बघायचं," असं म्हणत जावयानं गोणपाट अंथरलं आणि तो ट्रॅक्टरच्या मागं आडवा झाला.

सासरे शेडच्या खांबाला टेकून उभे होते. गुडघे ठणकत होते, पण एकदा बसलं की उठवत नाही, म्हणून उभेच. ट्रॅक्टर जुना. इंजिन चालू व्हायचं, चाकं पळायची. पण मागं जोडलेल्या यंत्राला फिरवणारा तो पीटीओचा दांडा ढिम्म हलत नव्हता. मळणीयंत्र बाजूला धूळ खात पडलं होतं.

जावई खरं तर ट्रॅक्टरसाठी आलाच नव्हता. लेक जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याला लांबच्या कारखान्यात नोकरी लागली होती, भाड्याची खोली रिकामी करायची होती, म्हणून तिच्या कपड्यांची बॅग पोचवायला आला होता. सासूबाईंनी बॅगेला हात लावला नाही. चहा टाकते म्हणून आत गेल्या त्या गेल्याच. बाहेर दोघं समोरासमोर बसले. पाऊसपाणी बोलून झालं. शेवटी सासऱ्यांनी ट्रॅक्टरचं रडगाणं काढलं. जावई हाडाचा मेकॅनिक. "बघतो की," म्हणत तो बाह्या सरसावून मोटरसायकलला अडकवलेली पान्यांची पिशवी आणायला उठला आणि दोघांचाही जीव भांड्यात पडला.

आधी त्यानं क्लच बघितला. तो ठीक होता. मग तेल काढलं. काळंकुट्ट, जाड तेल घमेल्यात रेंगाळत उतरलं. बाजूचं झाकण उघडून त्यानं कोपरापर्यंत हात आत घातला.

"सापडलं. आतल्या काट्याची खीळ तुटलीय. लिव्हर नुसताच हलतो, गिअर सरकतच नाही."

जुन्या बोल्टची खीळ करायची ठरली. सासऱ्यांनी बोल्ट पकडीत धरला, जावई कानस चालवू लागला. बोल्ट पकडीत हलत होता. जावयानं एका हातानं पकड सावरली आणि दुसऱ्यानं कानस चालूच ठेवली.

"तिकडं जेवणाचं काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"मेस आहे."

"हं."

येत जा अधूनमधून, असं ओठांवर आलं होतं. पण जिच्यामुळं नातं, तीच राहिली नव्हती. तरणाताठा माणूस, उद्या दुसरा संसार मांडेल, मांडायलाच हवा. त्याला कुठल्या तोंडानं अडकवायचं? सासऱ्यांनी पकड घट्ट धरली.

खीळ बसली. झाकण लागलं, तेल भरून झालं. हात पुसत जावई सीटवर चढला. तिथून दांडा दिसत नव्हता.

"मामा, मागं थांबा. जवळ जाऊ नका. फिरला की आवाज द्या."

इंजिन धडधडलं. त्यानं लिव्हर टाकला.

दांडा फिरला. अडखळला नाही, कुरकुरला नाही. गरगर, एकसारखा फिरत राहिला. सासरे बघतच राहिले. आता हा हात धुणार, चहा घेणार, गाडीला किक मारणार.

"फिरतोय का?" जावयानं वरून विचारलं.

"नाही," सासरे म्हणाले. "आहे तस्साच आहे."

जावई काही वेळ मान खाली घालून इंजिनाचा आवाज ऐकत बसला. मग त्यानं लिव्हर मागं घेतला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. मागं येऊन बघायच्या भानगडीत तो पडलाच नाही. पिशवीतले उरलेले पाने काढून त्यानं शेडच्या फळीवर एकेक करून मांडून ठेवले.

"नसेल फिरत," तो म्हणाला. "उद्या येतो, मामा. परत उघडून बघू."