तिसऱ्या ओळीचा सूर

“धातूचं काहीही अंगावर नको,” असं तंत्रज्ञ बाईंनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून काकांपुढे धरलं. काकांनी घड्याळ काढलं, पट्टा काढला, बूट काढले. मग जरा कुरकुरतच खिशातला नादकाटा बायकोच्या हातात दिला.

“ऐकू येत नाही, तरी हा जवळ?” बाईंनी विचारलं.

“जुनी सवय,” लेक म्हणाली. “चाळीस वर्षं गावभरचे पियानो सुरात लावलेत बाबांनी. अकरा वर्षांपूर्वी तापात कान गेले, त्यांच्याबरोबर धंदाही गेला. काही उपाय निघतो का बघावं, म्हणून आणलंय.”

काका भिंतीकडे मख्खपणे बघत राहिले. त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला होता.

कान गेले होते हे खरं, पण जेमतेम चार महिने. ते परतले ती सकाळ काकांना काल घडल्यासारखी आठवत होती. खिडकीशी बसले असताना स्वयंपाकघरातून गाणं आलं. बायको गात होती! लग्नानंतर पहिल्या वर्षी ती अशीच दिवसभर गायची. मग एकदा चार पाहुण्यांसमोर काका बोलून गेले, “तिसऱ्या ओळीला दर वेळी घसरतेस. कानाला त्रास होतो माझ्या.” पाहुणे हसले, तीही हसली. त्या दिवसापासून तिने घरात सूर म्हणून काढला नाही. काकांनी किती विनवण्या केल्या, पण छे! तीस वर्षं घर मुकं राहिलं. नवरा बहिरा झाला तेव्हा कुठे तिचा गळा मोकळा झाला.

मग काका कशाला तोंड उघडतायत? धंद्यावर पाणी सोडलं आणि मूग गिळून बसले. तिसऱ्या ओळीला ती अजूनही घसरायचीच, आणि आता काका त्या घसरण्याचीच वाट बघायचे.

कानांच्या साध्या तपासण्यांना ते पुरून उरले होते. आवाज आला की बटण दाबा म्हणत, काका दाबायचेच नाहीत. पण इथला प्रकार वेगळा दिसत होता.

“त्यांनी काही करायचंच नाही,” बाई लेकीला सांगत होत्या. “आवाज आला की मेंदूत बारीकशी वीज खेळते आणि तिच्यामुळे अगदी क्षीण चुंबकीय लहर उठते. डोक्यावरचा हा टोप ती टिपतो. आपण एकसारखे सूर वाजवायचे आणि मधेच एक चुकीचा टाकायचा. ऐकणारा मेंदू त्याला दचकतोच. ते काही कुणाला लपवता येत नाही.”

काकांनी हळूच दाराकडे पाहिलं.

जाड दार बंद झालं. टोप डोक्यावर आला, कानांत नळ्या बसल्या आणि सूर सुरू झाले. काका मनात सोळाचा पाढा उलटा म्हणू लागले. एकशे साठ, एकशे चव्वेचाळीस... तेवढ्यात एक सूर केसभर उतरलेला आला. काका जागचे हलले नाहीत. पण चाळीस वर्षांचा तयार कान, तो कसला ऐकतोय! पाढा तिथेच तुटला.

तपासणी संपली तेव्हा लेक गाडी आणायला गेली होती आणि बायको बाहेर बाकावर होती. बाई आत आल्या, दार लोटलं आणि पाटी बाजूला ठेवून हळूच म्हणाल्या, “काका, हिची काही गरज नाही ना?”

काकांनी मान खाली घातली. “बाई, हिचं गाणं मी माझ्याच जिभेने घालवलं. ते परत यायला तीस वर्षं लागली. मला ऐकू येतं हे कळलं, तर ती उद्यापासून गप्प बसेल हो. माझ्याकडे आणखी तीस वर्षं कुठली?” बोलता बोलता त्यांचे डोळे भरले.

बाईंनी कानांतल्या नळ्या गुंडाळून ठेवल्या. मग म्हणाल्या, “रिपोर्ट खोटा लिहिणार नाही मी. पण तो तुमचा आहे, तुमच्याच हातात देते. कुणाला दाखवायचा ते तुम्ही बघा.”

काकांनी कागदाची चौघडी करून आतल्या खिशात कोंबली. बाहेर येऊन चेहरा पुन्हा मख्ख केला आणि बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या. बायकोने नादकाटा त्यांच्या खिशात सरकवला आणि ती बाईंकडे वळली.

“काय हो, दचकला का ह्यांचा मेंदू?”

“रिपोर्ट काकांकडे दिलाय, काकू. मला नाही सांगता येणार.”

“राहू द्या. ह्यांची तपासणी मी रोज सकाळी घेते,” ती हसत म्हणाली. “तिसऱ्या ओळीचा सूर मला केव्हाच जमलाय. पण मी मुद्दाम चुकवते. चुकवला की ह्यांची डावी भुवई उडते. ती उडालेली बघितली, की मग पुढची ओळ गाते.”