पिवळ्या झेंड्याची काठी

"तो पिवळा झेंडा तिथून हलवू नकोस," शेजारचे मिस्टर वेंडेल मेलबॉक्सपाशी म्हणाले होते. "गवतात खालचं काही दिसत नाही." सावनीने मान डोलावली होती. एका हातात दुधाचा गॅलन, दुसऱ्या हातात चार वर्षांची आन्या. म्हातारा माणूस, आठवण म्हणून रोवून ठेवला असेल झेंडा, असं तिला वाटलं होतं. घरातल्या एकूण एक प्लगला झाकण लावणाऱ्या सावनीला.

तिच्या घराच्या लाकडी डेकमागचं गवत म्हणजे गावाचा जुना रेसट्रॅक. गावातले मेकॅनिक आणि शेतकरी दर शनिवारी इथे ठोकूनठाकून उभ्या केलेल्या स्टॉक कार पळवायचे, मातीवर. धूळ उडू नये म्हणून आधी ट्रॅकवर विहिरीचं पाणी मारायचं, मग मिस्टर वेंडेलनी हिरवा झेंडा दाखवायचा, पुढे धोका असला की पिवळा. एकतीस वर्षं तेच दाखवत होते. पुढे ट्रॅक बंद पडला, प्रेक्षकांचे बाक भंगारात गेले, कडेने घरं झाली.

पाडव्याला काठी हवी होती.

"यार, ब्रूमचा दांडा चालेल की," तिचा नवरा देवांग म्हणाला.

"झाडूच्या दांड्यावर गुढी? आई व्हिडिओ कॉलवर बघणारेत. तूच सांग त्यांना."

शनिवारी तिन्हीसांजेला सावनी गवतात गेली आणि झेंड्याची काठी उपटून घेऊन आली. सोमवारी परत लावू.

रविवारी सकाळी डेकवर गुढी उभी राहिली. जरीचा खण, उलटा स्टीलचा पेला, आणि गाठी कुठे मिळाल्या नाहीत म्हणून दोऱ्यात ओवलेले मार्शमेलो. "छान उंच आहे गं," सासूबाई म्हणाल्या. सावनीने फोन देवांगच्या हातात दिला आणि वळून पाहिलं.

डेकचं फाटक उघडं होतं. गुलाबी जॅकेट गवतात पळत होतं, सशामागे.

"आन्या!"

आन्या थांबली नाही. तेवढ्यात पलीकडून दुसरा आवाज आला. "यलो! यलो!"

कमरेएवढ्या गवतात मिस्टर वेंडेल उभे होते. अंगातला पिवळा रेनकोट काढून दोन्ही हातांनी डोक्यावर हलवत होते. आन्याने पाय रोखले. प्रीस्कूलमध्ये रोज रेड लाइट, ग्रीन लाइट खेळायची ती, यलो म्हणजे हळू. आधी हळू झाली, मग थांबली. तिच्यापुढे चार पावलांवर कुजक्या फळ्या होत्या. दोन आत पडलेल्या. खाली अंधार, आणि पाण्याचा वास.

सावनी पोहोचली तेव्हा फळ्यांच्या कडेच्या चिखलात एका बुटाचा ठसा दिसला. तिच्याच. कालचा.

तिने आन्याला उचललं, इतकं घट्ट की ती ओरडली, "मॉमी, यू आर स्क्विशिंग मी!"

मिस्टर वेंडेलच्या पायात घरातल्या सपाता होत्या, भिजून काळ्या पडलेल्या. ओठ निळसर.

"कधीपासून उभे आहात तुम्ही?"

"उजाडल्यापासून. खिडकीतून झेंडा दिसला नाही."

"अहो, फोन करायचा!"

"फोन किचनमध्ये राहिला."

"मग घरी जाऊन..."

"जाऊन यायला मला दहा मिनिटं लागतात," ते म्हणाले. "दहा मिनिटं इथे कोणी नको?"

त्यांनी मान वर करून तिच्या डेककडे पाहिलं, आणि त्यांना काठी ओळखू आली.

"माझ्या काठीवर तो कसला झेंडा? कोण जिंकलं?"

"नवं वर्ष," सावनी म्हणाली, आणि रडायलाच लागली.

गुढी सूर्यास्ताला उतरवायची असते. देवांगने ती तेव्हाच उतरवली, सकाळी साडेनऊला, खण आणि मार्शमेलोंसकट उचलून आणली आणि विहिरीपाशी रोवली. खाली पिवळं कापड बांधलं. मग दोघांनी मिस्टर वेंडेलना मधे धरून घरी नेलं. चहा प्यायला, आणि श्रीखंड खायला. श्रीखंड त्यांनी दोनदा मागून घेतलं.

विहीर त्याच उन्हाळ्यात बुजवली. सावनीची मंडळी आता देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, चँडलरला असतात. आन्याला सायकल येते. मिस्टर वेंडेल अजून रोज सकाळी त्या जागेपर्यंत चालत जातात, आल्यावर सावनीला फोन करतात. गुरुवारपासून फोन आलेला नाही. तो किचनमध्येच राहिला असेल, असं देवांग म्हणतो.

तरी स्टेट कॉलेज नावाच्या त्या गावाच्या बाजूला कोणी राहत असाल, तर जुन्या ट्रॅककडे एक चक्कर टाका. निळ्या दाराचं शेवटचं घर. बेल ऐकू जात नाही त्यांना, किचनच्या खिडकीवर टकटक करा. दहाच मिनिटं लागतील.