तिसरी सोपी वाट

पाण्यानं वाट निम्मी गिळली होती आणि अप्पा अजून पूजेतून उठले नव्हते.

वर्षाराणी किनाऱ्यावरून हाका मारत होती. समोर खडकावर महादेवाचं छोटं देऊळ. त्याच्या ओट्यावर तिचे सासरे, शिवमूर्तीअप्पा, मांडी घालून बसलेले. गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर घेतलेलं, नजर त्यावर खिळलेली. शेजारी तिचा पाच वर्षांचा सोमेश शिंपले रचत होता. वारा समुद्राकडून येत होता. तिची हाक दहा पावलंही जात नव्हती.

ही वाट तिनंच निवडली होती. शिरूर अनंतपाळहून समुद्र बघायला निघाल्यापासून तिला एकच धास्ती, लेकराला काही व्हायला नको. लॉजवाल्यानं गावात पायी फिरायच्या सोप्या वाटांचा कागद दिला, तो तिनं परीक्षा असल्यासारखा वाचला. पहिली वाट बाजारातून, तिथं गाड्या फार. दुसरी किल्ल्यावर, तिथं कठडा नाही. तिसरी वाळूवरून देवळापर्यंत. सपाट, वीस मिनिटं, लहान मुलांनाही चालेल. खाली बारीक अक्षरात, फक्त ओहोटीला. तेही तिनं वाचलं आणि लॉजवाल्याला विचारलं. साडेनऊच्या आत माघारी या, तो म्हणाला.

सकाळी सासूचे, सुमनबाईंचे, गुडघे धरले आणि नवरा उमाशंकर गाडीचं पंक्चर काढायला गेला. सासूजवळ वर्षालाच थांबावं लागणार होतं. मग ती म्हणाली, आज कुणीच जायला नको.

"तीन दिस झाले, लेकराला पदराखालून बाहेर काढलं न्हाईस," सुमनबाई म्हणाल्या. "कोंबडी सुदीक पिलाला एवढं दाबून ठेवत न्हाई."

अप्पा हसले. "आगं, आपल्या तळ्याचं पाणी एकदा मागं हटलं की मिरगाबिगर येतंय व्हय माघारी? हा तर समुद्र हाय. एवढं बोजड पाणी, त्याला यायला लई दिस लागतील."

सगळ्यांसोबत तीही हसली. हसल्यावर लेकराचा हात धरून ठेवता येईना. तिनं सोमेशचं बोट अप्पांच्या हातात दिलं आणि साडेनऊ, साडेनऊ असं तीनदा बजावलं.

आता दहाला पाच कमी होते.

अप्पांची पूजा तिला ठाऊक होती. पाळण्यात असताना स्वामींनी गळ्यात बांधलेलं ते लिंग सत्तर वर्षं त्यांच्या अंगावेगळं झालं नव्हतं. अप्पा गेल्यावर ते त्यांच्यासोबतच मातीत जायचं होतं. ते तळहातावर असलं की घर पेटलं तरी अप्पा उठायचे नाहीत, असं सासरी कौतुकानं सांगायचे.

ती पाण्यात शिरली. गुडघ्याएवढ्या पाण्यात एका कोळ्यानं तिचा दंड धरला.

"पुढं खोल घळ आहे, ताई. तुम्ही गेलात तर दोघांऐवजी तिघांना काढायची पाळी येईल. होडी आणायला माणूस गेलाय."

एवढ्यात लाटेनं सोमेशचे शिंपले नेले. त्यानं आजोबांचा गुडघा हलवला. अप्पांनी मान वर केली. चहूकडं पाहिलं. आणि पूजा अर्धी टाकून उठले.

सोमेशला त्यांनी खांद्यावर बसवलं आणि पाण्यात उतरले. पाणी कमरेला आलं, मग छातीला. उजव्या हातात पोराचा एक पाय. डाव्या हाताची मूठ छातीशी आवळलेली.

"दोन्ही हातांनी धरा," वर्षा ओरडली. "अप्पा, दोन्ही हातांनी धरा त्याला."

लाट आली. सोमेश एका अंगाला कलंडला. मग तिथं नुसतं पाणी होतं.

किती वेळ, ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. मग अप्पांचं डोकं वर आलं. त्यांच्या मानेवर सोमेश खोकत होता आणि अप्पांचे दोन्ही हात त्याच्या पायांना जखडलेले होते.

वर्षानं लेकरू ओढून घेतलं. त्याचं नाक, कान, छाती चाचपली. मग आयुष्यात पहिल्यांदा ती सासऱ्यांच्या तोंडावर बोलली.

"नातवापेक्षा पूजा मोठी झाली तुम्हाला? ह्याच्यापुढं माझ्या लेकराला हात लावू नका."

अप्पांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तोंड फिरवून ते पाण्याकडं बघत राहिले. म्हाताऱ्याला लाजही वाटत नाही, तिच्या मनात आलं.

दुपारी अप्पा जेवले नाहीत. रात्रीही नाहीत. दुसऱ्या दिवशी परतताना ढाब्यावर थांबले, तेव्हा ते गाडीतून उतरलेच नाहीत. उमाशंकरनं नेलेली पाण्याची बाटली तशीच माघारी आली.

"न्हाईच म्हणून राहिलेत," तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

सोमेश वरणभात खात होता. वर्षा एकेक घास निरखून त्याला भरवत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"आत्याबाई, माझं बोलणं चुकलं असंल. मी पाया पडते. पण अन्नावर कशाला राग काढायचा?"

"राग न्हाई, बाई. लिंगपूजा झाल्याबिगर ते पाणीसुदीक घेत न्हाईत. जलमात घेतलं न्हाई."

"मग करू देत की पूजा. कुणी अडवलंय?"

सुमनबाईंनी पुढ्यातलं ताट हळूच बाजूला सारलं.

"कशाची करतील?" त्या म्हणाल्या. "मूठ सोडल्याबिगर लेकरू धरता येत न्हवतं."